तुम्हाला न पेललेली लेन्स

प्रिय बाबा,

आज तुमची मोठी लेन्स दुकानात देऊन बदलून आणली. घेताना तुम्हाला विचारलं नव्हतं. बदलताना तरी सांगावं, म्हणून लिहायला बसले.

आठवतं का, चिखलीच्या शाळेतून चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झालात आणि धरणावर पक्ष्यांचे फोटो काढायला जायला लागलात? एकदा जेवताना म्हणालात, "पाखरं लय दूर बसतात, सुनी. नुसते ठिपके येतात." मी ते लक्षात ठेवलं. सुट्टी काढून दुकानात गेले आणि एवढंच विचारलं, "सगळ्यात लांबचं कोणती लेन्स काढते?" तुमचा हात तेव्हाच थरथरायला लागला होता. धामणगाव बढ्याच्या दवाखान्यात नर्स आहे मी, रोज लोकांचे हात धरते. तुमचा कसा दिसला नाही?

खोकं उघडून तुम्ही लेन्स दोन्ही हातांनी उचललीत. "तोफच आणली तू तर," म्हणालात. मला ते कौतुक वाटलं.

मग ती कपाटात गेली. मी घरी आले की विचारायची, "बाबा, लेन्स काऊन नाही वापरत?" तुमचं ठरलेलं, "हाव, काढतो ना उद्या." एकदा मी चिडले. "छंदच सोडायचा होता तर आधी सांगायचं होतं." तुम्ही पेपर उघडून बसलात. तुम्ही गेल्यापासून ते वाक्य मला टोचत होतं.

मागच्या रविवारी तीच लेन्स तुमच्या मोठ्या कॅमेऱ्याला लावून रोहिणखेडला गेले. तिथंच का? शेवटची दोन वर्षं तुम्ही दर आठवड्याला जीपनं "मित्राकडे" तिथं जायचात आणि तो मित्र मी कधी पाहिला नव्हता. जुन्या मशिदीसमोर उभी राहून चार फोटो काढले. चारही हलले. माझाच खांदा भरून आला, बाबा.

सावलीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "मास्तरची पोरगी काय तू?"

ते करीमचाचा. तुमचे मित्र. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलेलं होतं. त्यांनी मला शेजारी बसवलं.

"हेच ते धूड काय? मास्तर सांगत होते. म्हणे, चाचा, हात थरथरते, पेलत नाही मले. पण तिले सांगायचं नाही, लय हौसेनं आणली तिनं."

"मग इथं येऊन काय करायचे?"

"फोटूच काढत. जुना लहानसा कॅमेरा आणत ना. भिंतीले कोपर टेकवत, दम धरत, अन् मंग काढत. दिवसाले चार-पाच."

चाचा घरात गेले आणि एक फोटो घेऊन आले. त्यांचाच चेहरा, अगदी जवळून. दाढीचा एकेक केस दिसतो, हसताना बारीक झालेले डोळे दिसतात. इतक्या जवळून तुम्ही काढलेलं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. आजवर लावलंच नव्हतं, रिकामंच असेल असं धरून चालले होते. दगडावरची नक्षी, भेगेतल्या मुंग्या, चाचांचे हात. बहुतेक सगळे फोटो स्वच्छ. बाबा, तुम्ही छंद सोडलाच नव्हता! मी खूप रडले, आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

पण थोडं रागवू का? एकदा तरी म्हणायचं, "सुनी, जड होते." मला सांगायला काय झालं असतं? तिपाई आणली असती. मग वाटतं, लेन्स आणि तिपाई घेऊन भरल्या जीपमध्ये तुम्ही चढला असतात तरी कसे?

आज दुकानदारानं विचारलं, "काय काढता मॅडम? पक्षी की लग्नं?"

"दगड," मी म्हटलं. "आणि माणसं, जवळून."

त्यानं तीन लेन्स पुढे ठेवल्या. "आधी दहा मिनिटं धरून पाहा. हात काय म्हणते ते ऐका, मंग ठरवा." हे त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर! पण तुम्हाला सोबत न नेणारी मीच होते. मी तिन्ही धरून पाहिल्या आणि सगळ्यात हलकी घेतली. वीतभर अंतरावरचं सुद्धा नीट दिसतं तिच्यातून. मोठी आता एखाद्या पक्षीवेड्याच्या दणकट हातात जाईल. जाऊ दे, तिनं पाखरं पाहावीत.

चाचा म्हणाले, मशिदीची मागची बाजू तुमची राहून गेली. ती मी काढणार आहे, घाई न करता. आणि एक वचन देते. यापुढे कुणासाठी काही आणायचं किंवा ठरवायचं झालं तर आधी त्या माणसाला विचारीन.

सुरुवात आईपासून केली. स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "रविवारी रोहिणखेडला येतेस का माझ्यासोबत?"

ती म्हणाली, "येतो ना. मले कोणी विचारलंच नव्हतं."

तुमची,
सुनी