सपाट समुद्र

बोईसर,
१९ जुलै १९९६, शुक्रवार दुपार

प्रिय सुगंधा,

गेल्या रविवारी तुझ्या बाबांनी पावसाळ्यासाठी शाकारून ठेवलेल्या होडीपाशी बसून तळहात तिरका धरला आणि मला लाट दाखवली. तिथंच माझं सगळं फिरलं. बाकी बरा आहे. खोकला गेला. तुझं कॉलेज सुरू झालं असेल.

दमलोय गं.

कामाचं तुला कधी नीट सांगितलंच नाही. अंतराळातून परत येणारं यान छत्रीला लटकून समुद्रात पडतं. ते आपटून फुटेल का, हे आधी कॉम्प्युटरवर बघायचं. आकडे भरायचे आणि नऊ तास थांबायचं. अणुवीज केंद्राच्या उशाशी राहूनही आमची वीज मध्येच जाते, मग पुन्हा पहिल्यापासून. यान मुद्दाम तिरकं लटकवतात, म्हणजे आधी कड पाण्यात शिरते, पोट आपटत नाही. समुद्र मी सपाट भरला होता. आमच्या जालन्याकडं पाणी म्हणजे विहीर. विहिरीला कुठली लाट?

बाबांना हे सहज सांगितलं तर ते हसायलाच लागले. "अरे, तुजा डबा तिरका, लाट बी तिरकी. मंग पोटच आपटल का नाय? धक्क्यावरशी उड्या मारनाऱ्या पोरांना इचार."

सोमवारी लाट भरून बघितली. दणका दुप्पट. तळ फाटतो.

आमचे साहेब, आनंदराव, म्हणाले, "शांत समुद्र बघूनच उतरवतील. कॉलेज अर्धं टाकलेला तू, मला समुद्र शिकवणार?"

एरवी मी काय केलं असतं ते तुला माहीत आहे. सरांची कॉलर धरली म्हणून तर कॉलेज सुटलं, नंतर दोन कारखाने. या खेपेला गप्प बसलो. तुला वाटेल, सुधारला.

खरं ते आता लिहितो. अहवालाच्या शेवटी ओळ आहे, 'लाटा धरून तपासले, सुरक्षित.' खाली तपासणाऱ्याची सही लागते. बुधवारी मी ती केली. बाबांचं बोलणं कानात होतं, "सा म्हयने येका जागी टिकून दाव, मंग माज्या पोरीचं बोल." पाच महिने सरलेत. तेवीस दिवस राहिलेत.

पहिल्या खेपेला यानात नुसती यंत्रं असतील. पुढं माणूस बसेल.

आज सकाळी सही खोडली, लाटेचे कागद जोडले आणि ज्यांच्याकडं अहवाल जायचा त्यांच्या पत्त्याचं पाकीट चिकटवलं. एक प्रत आणि ऑफिसची माझ्याकडची चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली. कुणाची कॉलर धरली नाही, एवढं बाबांना सांग. ते नाही म्हणाले तर मी रागावणार नाही. पण लाट त्यांनीच दाखवली, तेही सांग.

साहेब जेवून येताहेत, जिन्यात चपला वाजतायत. दोन्ही पाकिटं खिशात घालतो, यानाचं आणि तुझं. पोस्ट चारपर्यंत उघडं असतं. निघालो. दार ओढून घेतो.

तेवीस दिवस कमी पडलेला,
बन्सी