करंगळीची खूण

प्रिय वेल्डन,

तुमच्याकडे सगळे खुशाल असतील अशी आशा आहे. इथे मिसुरीत थंडीने कहर केलाय. रविवारी चर्चमधली शेगडी बंद पडली आणि पाळकबाबांनी प्रवचन निम्म्यावर आटोपलं, त्याबद्दल मात्र कोणी तक्रार केली नाही. माझी बायको आर्लीन तुझी आठवण काढते. तुझा गुडघा कसा आहे? माझा हल्ली जिना चढताना माझ्या आधी बोलतो.

तुझ्या कॉलेजच्या माणसांनी आमच्या संघातल्या डेझमंडकडे निरोप धाडला, हे मला कळलंय. मी रागावलो नाही. जानेवारीत कॉलेज बदलायची खिडकी उघडली की पोरांनी वाटेल त्या कॉलेजात जावं आणि जिथे जाहिरातीचा पैसा जास्त तिथे त्यांचा ओढा असावा, हा आता रिवाजच झालाय. पूर्वी पोरं शोधून आणणं हे आपलं काम होतं, आता आणलेली टिकवणं हे माझं अर्धं काम. आमच्याकडे देण्यासारखं काय आहे? जाहिरात करणारा एक ट्रॅक्टरवाला, एक खानावळवाला आणि हमरस्त्यावरचा त्याचा फलक. त्यावर डेझमंड भाजलेल्या बरगड्यांचं ताट धरून हसतोय आणि शेजारी कोल्बीचा अर्धाच चेहरा आलाय. डेझमंड त्याला चिडवतो, "तुझा ऐकू येणारा अर्धा घेतलाय, नशीब समज!"

कोल्बी हाउक, आमच्या फुटबॉल संघाच्या पुढच्या भिंतीतला डावा गार्ड. मी ज्या जागेवर खेळायचो, तीच त्याची जागा. लहानपणी तापात त्याचा उजवा कान गेला आणि डावा निम्मा राहिला. डेझमंड सेंटर, म्हणजे तुझ्या जागेवर. तुला आठवतं, चेंडू मागे द्यायच्या आधी कोणी कोणाला अडवायचं हे तू ओरडून सांगायचास आणि माझ्या कानठळ्या बसायच्या. हा पोरगाही तसाच ओरडतो. कोल्बी मान वळवून त्याचे ओठ वाचत असेल, असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो.

तुझा निरोप आल्यावर मी डेझमंडच्या आईकडे गेलो. लव्हॉन कोंबड्यांच्या कारखान्यात काम करते. थंडगार खोलीत उभं राहून मांस कापायचं. तिची बोटं आता पुरती सरळ होत नाहीत, बशी उचलायची तर ती तळव्यांत धरते. तिने जेवायला वाढलं, प्रार्थना म्हटली आणि म्हणाली, "कोच, तुम्ही भले माणूस आहात, पण माझ्या लेकाला अडवायला आला असाल तर घेवडा खा आणि जा." मी काही बोलायच्या आधीच डेझमंड म्हणाला, "मी कुठे जात नाहीये, मम्मा. तिकडे उकडतं फार." लव्हॉनने पळी टेबलावर आपटली. "उकडतं? तू दक्षिणेत जन्मलास, गाढवा!" मग तो म्हणाला तिकडचं जेवण आवडत नाही. तिकडे तो कधी जेवलेलाच नाही. लव्हॉन माझ्याकडे वळली. "बघा, एवढं धड खोटंसुद्धा बोलता येत नाही याला."

खरं सांगतो, परतताना गाडीत मी स्तोत्र गुणगुणत होतो. माझा सेंटर राहिला होता. आमच्या हेड कोचने पाठ थोपटली, "ऑरिन, तू जादू केलीस." मी काहीच केलं नव्हतं.

चार दिवसांनी कोल्बी माझ्या खोलीत आला. सहा फूट पाच इंचांचा पोर दारात टोपी चुरगाळत उभा राहिला.

"कोच, मला बाकावर बसवा."

"का रे बाबा?"

"गुडघा दुखतो म्हणून सांगा सगळ्यांना."

"दुखतोय का?"

"नाही."

खोटं बोलण्यात हाही तितकाच कच्चा. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. "मी खेळत नसलो की तो जाईल, कोच. माझ्यामुळे अडलाय. त्याच्या आईचे हात पाहिलेत ना तुम्ही?"

मी विचारलं, तुझ्यामुळे म्हणजे काय? त्याने टेबलावर मूठ टेकवली, आपण मैदानावर टेकवतो तशी, आणि दुसऱ्या हाताच्या करंगळीने ती दाबून दाखवली. एकदा दाबलं की डावीकडचा गडी अडवायचा, दोनदा दाबलं की उजवीकडचा. वेल्डन, सेंटरचा उजवा हात चेंडूवर असतो, डावा मोकळा. डेझमंड तोंडाने ओरडतो ते बाकीच्यांसाठी. कोल्बीला तो करंगळीने सांगतो.

मी जुन्या मॅचेस लावून पाहिल्या. आहे, प्रत्येक वेळी आहे. जन्मभर हीच जागा खेळलेल्या आणि शिकवणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. एक खूण मात्र कळेना. चेंडू निघायच्या अगदी आधी ती करंगळी कोल्बीच्या मुठीवर नुसती टेकून राहते. डेझमंडला विचारलं तेव्हा तो लाजला. "त्याचा काही अर्थ नाही, कोच. मी आहे, एवढंच."

पोरं पैशापायी बिघडली, असं आपल्या वयाची माणसं म्हणत असतात. मीही म्हटलंय. आता म्हणवत नाही. एकजण मित्रासाठी एवढी मोठी संधी सोडतो आणि दुसरा त्याला ती मिळावी म्हणून स्वतःची जागा सोडायला निघतो. दोघांनी एकमेकांना अवाक्षर सांगितलेलं नाही. त्या रात्री मी प्रार्थनेसाठी गुडघे टेकले, पण डेझमंड इथेच राहू दे, हे मागणं काही ओठांवर येईना.

माझ्या बापाची खेचरं तुला आठवतात? पर्ल आणि डच. एका जत्रेत कोणीतरी एकट्या पर्लसाठी दोघांची किंमत देऊ केली होती. बाप म्हणाला, "नेऊन बघा. डचशिवाय ती नांगराला खांदा देणार नाही, आणि तुम्ही मला शिव्या घालाल." तू ऐकून हसला होतास. पुढे तू मोठ्या ठिकाणी खेळायला गेलास, मी इथेच राहिलो. माझी तक्रार नाही, देवाने मला भरपूर दिलं. पण तुझ्या उजव्या-डाव्याला नंतर किती गार्ड आले, त्यातल्या किती जणांची नावं तुला आठवतात?

म्हणून हे पत्र. तू डेझमंडला पुन्हा बोलावू नकोस, असं मागायला मी बसलो नाही. तू दोघांना बोलाव. कोल्बीला दयेपोटी घेऊ नकोस. त्याच्या मॅचेस सोबत पाठवतोय, पावलं बघ, मग बोल. खिडकी शुक्रवारी बंद होते. तुझा होकार आला की मीच दोघांना नावं नोंदवायला सांगेन आणि हेड कोचलाही मीच तोंड देईन. माझ्या भिंतीला खिंडार पडेल, कदाचित माझी जागाही जाईल, त्याचं मी पाहीन. सप्टेंबरात आमची मॅच तुमच्याच मैदानावर आहे. लाखभर माणसं चेंडूकडे बघत असतील. मी मात्र तुझ्या पोरांच्या दोन हातांमधल्या फटीकडे बघेन, ती करंगळी टेकते का ते.

तुझ्या डाव्या हाताचा, तुझाच,
ऑरिन