बोट आधी, गोळी मंग

आप्पा, शरणार्थ.

तुमच्याच खुर्चीत बसून लिहितेय. दुपार आहे, गिऱ्हाईक नाही आणि मला ताप आहे. अजून कुणाला सांगितलेलं नाही, अव्वालाही नाही. आईचा जीव, घाबरेल. आपल्याच फळीवरची गोळी घेतली आणि मास्क लावून बसले. गोळी गिळताना तुम्ही आठवलात, म्हणून हे पत्र. दुसरीकडे कुठं येऊन बोलू? आपल्यात माणसाला बसवून माती देतात, वर चौथरा बांधतात. तुम्हाला कोरोनात लातूरलाच अग्नी दिला. विभूती लावायला एक दगडसुद्धा नाही हो!

गावात सध्या डेंग्यू आहे. लोक येतात, म्हणतात, "अंग लई ठणकायलंय, दुखायची मोठी गोळी दे." मी देत नाही. डेंग्यूत त्या गोळीनं रक्तस्राव होऊ शकतो, आधी देवणीच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासा, म्हणते. मग ऐकून घ्यावं लागतं, "आप्पा असते तर दिली असती!"

तुम्ही दिली असती? तुम्ही?

कोरोनात तुम्ही काउंटरपुढं दोरी बांधली होती आणि प्लास्टिकच्या पाइपातून औषधं घरंगळत सोडायचात. तापाचं नाव काढलं की उचलून नेतात, या भीतीनं साऱ्या गावाचं फक्त डोकंच दुखत होतं! तुम्ही ते बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं मशीन सुतळीला बांधून दोरीवर टांगलंत. "डोस्कं दुखतंय तर बोट दाखवायला काय व्हतंय? बोट आधी, गोळी मंग." काशीबाई किती भांडली होती! "ताप न्हाई म्हणलं ना, निस्तं डोस्कं हाय." तिचं बोट काही केल्या मशीनमध्ये बसेना, तेव्हा तुम्ही दोरी ओलांडून बाहेर गेलात. तिचं बोट धरून मशीनमध्ये घातलंत, आकडा पाहिलात आणि तिच्या शिव्या खात तिला दवाखान्याच्या गाडीत बसवलंत. ती वाचली.

आणि तुमचं बोट, आप्पा? ते कुणी बघायचं?

तुम्ही खोकत होतात. "घसा बसलाय" म्हणालात. अंगात साखर होती, फळीवरच्या गोळ्या खात होतात, आणि आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवत होतो. गावात एकच मेडिकल, तुमचा ताप कळला असता तर ते सील झालं असतं. हे मला आता कळतं. तरी राग जात नाही. सगळ्या गावाची बोटं धरलीत आणि स्वतःला त्या गावातून कधी वगळलंत?

तुमचं फार्मासिस्टचं प्रमाणपत्र उतरवून त्याच खिळ्याला माझं लावलं. वाटलं होतं, थोडे दिवस. लातूरच्या कंपनीतून बोलावणं आलं, मी नाही म्हटलं. लग्नकार्याला गेले तरी जेवण उरकून परत. मी नसले तर नियमानं दुकान उघडता येत नाही. फ्रेममधला माझा फोटो दिवसभर रस्ता बघतो, आणि त्याच्याखाली बसून मीही तोच बघते. "तू न्हाईस तर आमी कुठं जावं?" असं लोक मायेनंच म्हणतात. ऐकलं की माझा मात्र जीव घुसमटतो. तुम्हालाही असंच व्हायचं का? बोलला का नाहीत कधी?

इथवर लिहिलं आणि काशीबाई आली, बीपीच्या गोळीला. माझ्याकडं बघतच राहिली.

"डोळे लाल दिसायलेत, मंगल. ताप हाय का?"

"नाही मावशी. डोकं दुखतंय नुसतं."

तोंडातून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. काशीबाई हसली नाही. गोळी पिशवीत टाकली आणि म्हणाली, "मी बी आप्पाला हेच सांगितलं होतं." मग बाहेरच्या पायरीवर बसली ती बसलीच. "चल, रक्त दाखवू. मी येते संगं."

दुकान किती दिवस बंद राहील, माहीत नाही. लोक येतील, शटर बघून परत जातील, कुणाची गोळी चुकेल. हे सगळं मनात घेऊनच निघतेय, सुटल्यासारखं मुळीच वाटत नाही. पण आप्पा, शब्द देते. रोज सगळ्यांना विचारते तेच आता आधी स्वतःला विचारेन, आणि उत्तर खोटं देणार नाही. अव्वाला तुमच्यामागं मलाही निरोप द्यायला लावणार नाही.

शटर ओढलंय. शेवटच्या ओळी पायरीवर, काशीबाईशेजारी बसून लिहिल्यात.

काउंटरच्या बाहेरून,
तुमची लेक, मंगल