कापूस फुटला की जवाई येते

आर्णी,
१८ डिसेंबर २००७

चि. करुणाबाईस,

तुह्या वयनीचा सप्रेम जयभीम. इकडं सारं बरं आहे. तुह्या दादाचा खोकला कमी आहे. कापसाचं काय सांगू, बोंड भरलं तं भाव नाही, भाव आला तं घरात कापूस नाही. शेजारच्या पंचफुलेच्या म्हशीले वगार झाली. ती म्हणे करुणाबाईसाठी खर्वस ठेवतो, जशी काही तू नागपूरहून खर्वसासाठी धावत येशीन.

तुहं पत्र पोचून लय दिवस झाले. उत्तर लिहाले बसली की हात थांबे. तू इचारलं, वयनी, त्या पोरीचं पुढं काय झालं? सांगतो.

मागच्या सालच्या दिवाळीत तू टेप घेऊन आलती. मार खाणाऱ्या बाया पुन्हा पुन्हा काहून मार खातात, त्यावर तुहा कॉलेजातला अभ्यास चालू होता. मी हासली होती. म्हटलं, बाई, याले अभ्यास कायले पायजे, कोणत्याही नळावर जाऊन उभी राह्य. मग टेपवर बोलाले आलेल्या बाया गेल्यावर चुलीपाशी मी तुले एका पोरीचं सांगितलं. गावातलीच आहे म्हटलं, नाव नको इचारू. नवरा मारते, हाकलते. ती माहेरी येते, तो हात जोडत येते, चार लोक बसतात अन् माय ओटी भरून पाठवते.

तू एकच इचारलं, तो न्यायले कधी येते? मी इचार केला. कापूस फुटला की. दरसाली. उन्हाळ्यात हाकलते अन् दसऱ्याच्या मागंपुढं हात जोडत येते. वेचाले बाया भेटत नाहीत, भेटल्या तं मजुरी मागतात. तू चहा खाली ठेवला.

"वयनी, दर माफीनंतर मार वाढतो, घरोघरी मी हेच पाह्यलं. तिच्या मायले सांगजो, आता पाठवू नको म्हणा."

मी मान हालवली.

करुणा, ती पोरगी आपली साधना होय.

तेव्हाच काहून नाही सांगितलं? लाज, बाई. तू म्हणत होती पोरीले शिकू द्या. मी म्हटलं वावर आहे, पोरगा निर्व्यसनी आहे. खरंच तो दारूले शिवत नाही. शुद्धीत मारते. पाठीवर मारते, डोक्यात मारते, हाताले मात्र धक्का लागू देत नाही. वेचणी हातानंच होते ना. हे मले आता समजलं. तेव्हा तं मी म्हणो, हात सलामत आहेत, म्हणजे फार मारत नशीन.

यंदाही तो आला. गावच्या भगवानरावनं चार लोक बसवले, तुह्या दादानं जवायाले जेवू घातलं. साधना आतल्या खोलीत होती. तुहे शब्द माह्या जिभेवर आले होते, खरं सांगतो. पण सारे म्हणे पोर नांदली पायजे, अन् मी उठली. तिच्या केसाले तेल लावलं, ओटी भरली, म्हटलं जाय बाई, मोसमात घर सोडू नये. कशी माय आहो मी! आग लागो माह्या शहाणपणाले.

वर आर्णी लिहिलं ते खोटं. यवतमाळच्या दवाखान्यात तिच्या खाटेपाशी बसून लिहून राह्यली. पयला वेचा घरात आला अन् त्याच हप्त्यात हे झालं. डोक्याले टाके पडले. डाव्या कानानं आयकू येत नाही. डॉक्टर म्हणे, येईनच असं नाही.

जीव वाचला. पण काल तो मोसंब्या घेऊन आला, रडला, तुहे दादा इरघळले. शुक्रवारी सुटी होणार, तो आटो घेऊन येतो म्हणे. अन् साधना जातो म्हणते. दुसरा वेचा वावरात उभा आहे, गळून मातीत जाईन म्हणते. मी तिचे पाय धरले, म्हटलं नको जाऊ. तं ती हासली. रागानं नाही, लहानपणी हासे तशी.

"माय, दरसाली तूच तं पाठवत होती. आता काय झालं?"

काय सांगू तिले? माह्या तोंडचं 'नको' तिले खरंच वाटत नाही. मी आटोसमोर आडवी पडली तं मले ओलांडून जाईन, अन् वरून म्हणन माय म्हातारी झाली.

तुले फोन लावाले गेली तं रडूच आलं, ठेवून देला. एक सिस्टर आज नागपूरले चालली, तिच्या हाती हे पत्र देतो. तू ये. शुक्रवारच्या आधी ये. आत्या म्हणून आली तं ती तुह्यासाठी चहा सांगन अन् बाकी काही बोलणार नाही. परक्या बायांपाशी बसतं तशी बस, उजव्या बाजूनं बस. समजावू नको, बायांले इचारतं तसं इचार. तिच्या तोंडून निघालं तंच तिले पटन. माह्यासमोर ती खरं बोलणार नाही, म्हणून तू आत असशीन तवर मी बाहेर व्हरांड्यात राहीन. तू बलावल्याशिवाय आत येणार नाही.

साधनाची माय म्हणून सही कराले हात धजत नाही.

तुह्या दादाची बायको,
रुखमा