पुठ्ठ्याखालची मूठ

अल क्वोज, दुबई, शुक्रवार संध्याकाळ

अजून मान वर करवत नाही. एका तुर्की बाईंनी त्यांच्या आजीकडची जुनी छापील चित्रं फ्रेम करायला दिलेली. त्यांच्या मुलखातल्या बायका, पोशाख, घरकाम. एकात आई बाळाला पाजत होती. माझ्या फ्रेमच्या दुकानात पुरुषांची ये-जा. म्हटलं, हिची अब्रू झाकावी. चित्राभोवती चौकटीसारखा बसणारा पुठ्ठा मुद्दाम रुंद कापला, पदर ओढून दिल्यासारखा. वर स्वतःवरच खूश!

आज बाई आल्या. आधी माझी, मग घरच्यांची तब्येत विचारली, मग फ्रेम हातात घेतली.

"उस्ताद, बाळ कुठंय?"

"झाकलंय, मॅडम. जरा... बरं दिसत नव्हतं."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आजी आम्हाला त्याची मूठच दाखवायची. परवा नात येतेय, तान्ही. तिलाही दाखवणार होते."

पुठ्ठा काढला. आईचं बोट धरलेली इवलीशी मूठ. मला ती दिसलीच नव्हती. दाढी पांढरी झाली, नजर कुठं गेली होती माझी?

नवा पुठ्ठा कापला. आई, बाळ, मूठ, सगळं दिसतं. बाई परवा न्यायला येतील, तोवर फ्रेम दारासमोरच टांगली आहे. येणारे-जाणारे बघू देत.