शेवाळ नसलेलं पाणी

बाबा, परवा मी तुमच्या झऱ्यावर पुन्हा गेली होती. अजून तुमचाच म्हणतात तो, बाबूजींचा झरा. बंद पडलेल्या कोळसा खदानीतून काढलेल्या दगडमातीचा डोंगर आहे ना, त्याच्या पायथ्याशी. महिन्याआधी नवा रायपूर शहरातल्या आमच्या ऑफिसनं पाण्याचे नमुने घ्यायला मलेच धाडलं होतं, तिकडची आहे म्हणून.

तुम्ही खदानीतलं पाणी उपसायच्या पंपावर कामाले होते, तर पाण्यातलं तुम्हालेच कळते असं सारा पारा, अख्खी वस्ती मानायची. नाला लालभडक वाहायला लागला तेव्हा बायका तुमच्याकडंच आल्या. तुम्ही या झऱ्यापाशी उकिडवे बसले, दगडावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "शेवाळ नाही, बेडूक नाही, जळू नाही. याच्याहून साफ पाणी कोणतं असन?" मग सगळ्यांदेखत ओंजळभर प्यायले. घरी आई कुरकुरायची, "गोल बाजारातून आणलेला पाणी भरायचा पितळेचा गुंड न घासताच चकचक करून राहिला. मले काही बरोबर नाही वाटत." मी म्हटलं आंबट लागते, तर तुम्ही डोळे वटारले. "नखरे नको करू, पाचक आहे ते." तुम्ही माझा पेला पुन्हा भरता आणि मी गटागट पिते, ते अजून डोळ्यासमोर आहे. केवढा विश्वास होता माझा तुमच्यावर. कधी कधी त्याचाच राग येते.

नमुन्यात कागदाची पट्टी बुडवली, तर लगेच लाल. अहवालात लोखंड, मँगनीज, निकेल, सगळं आलं. पाणी नितळ दिसते कारण ते सगळं आंबट पाण्यात विरघळून बसलं आहे. शेवाळ नव्हतं कारण तिथं काही जगतच नव्हतं. तुम्ही फसले, बाबा, फसवलं नाही, हे मले पक्कं माहीत आहे. रायपुरात येऊन तुमच्या किडन्या कशानं गेल्या, ते आता कोणी सांगू शकत नाही.

परवा हेच सांगायला गेली. आपल्याकडं दूध घालायची ती म्हातारी दाई हंडा भरत होती. "नोनी, ये पानी ला तोर ददा ह खुदे पी के देखाए रिहिस," म्हणाली, तुझ्या बापानं स्वतः पिऊन दाखवलं होतं हे पाणी, अशा तोऱ्यात. बाकीच्या बायका माझ्या तोंडाकडं पाहून राहिल्या. माझ्या तोंडून निघालं, "अब झन पीबे, दाई. पानी अब बिगड़ गे हे." आता पिऊ नको, आता बिघडलं, असं.

"हव," ती म्हणाली, "पहिली त बने रिहिस." आधी तर चांगलं होतं.

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी हंडे ओतून दिले. सोमवारपासून टँकर येईल, तेही मी सांगितलं. कोणी तुम्हाले वाईट म्हटलं नाही. पण पाणी आधी चांगलं नव्हतं, बाबा. तुमच्या शब्दावर त्या बायका इतकी वर्षं तेच पिऊन राहिल्या. किडन्या तपासून घ्या म्हटलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं, काहून, कधीपासून? मग तुमचं नाव आलं असतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकते. अहवाल आला त्याच आठवड्यात मी रक्त तपासायला दिलं. फक्त माझं.