पाचव्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन

२ डिसेंबर १९६१
आजपासून सिगरेट बंद. कारखान्यातल्या वॉशिंग मशीन विभागाचा प्रमुख म्हणून शिस्त माझ्यापासूनच सुरू व्हायला हवी. सरकारने ठरवलेला यंदाचा उत्पादनाचा प्लॅन पुरा केला की नव्या इमारतीतला फ्लॅट आपलाच. युनियनच्या सेक्रेटरीने शब्द दिलाय. एका खोलीत सासूबाईंसह सात वर्षं काढली, बास झालं. बायकोला, रिम्माला, सांगितलं, नवं वर्ष आपल्या स्वतःच्या स्वयंपाकघरात. ती म्हणाली, गेल्या वर्षीही हेच ऐकलं होतं. बायकांना धीर नसतो.

१९ डिसेंबर
मशीनमध्ये बसवायच्या मोटारींचा पत्ता नाही. मंडळी डॉमिनो खेळतायत. दर महिन्याचंच हे: वीस तारखेपर्यंत जांभया, मग धावपळ. सिगरेट सुरू. तात्पुरती.

२२ डिसेंबर
मोटारी आल्या, निम्म्याच. फोरमन येफिम झाखारिच मला म्हणाला, गेन्नादी पोर्फिरिच, बुडालो आपण. मी विचार केला. प्लॅन नगांवर नाही, टनांवर मोजतात, आणि यार्डात ओतीव लोखंड हवं तेवढं पडलंय. मशीनची बैठकच जाड करायची! येफिमने विचारलं, मग ते उचलणार कोण? उचलणं प्लॅनमध्ये नाही, असं सांगून मी त्याला गप्प केलं.

३० डिसेंबर
प्लॅन ११८ टक्के पुरा. बँड वाजला, सर्वोत्तम विभागाचं लाल निशाण मिळालं, फ्लॅटची किल्ली मिळाली. पाचवा मजला, लिफ्ट नाही, पण हवा छान. वर बक्षीस म्हणून आमच्याच विभागाचं एक मशीन. रिम्मा रडली. खरं सांगायचं तर मीही.

३१ डिसेंबर
रिम्मा म्हणत होती, आधी पलंग चढवू. मी म्हटलं, मान मशीनचा. सहा जणांनी उचललं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं. वर जाईना, खाली येईना. येफिम मदतीला होता, त्या जाड बैठकीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. कौतुकाने असावं. पलंग आणि कपाट खाली बर्फात. नवं वर्ष मात्र स्वतःच्या स्वयंपाकघरात, जमिनीवर बसून. शब्द पाळला.

१४ जानेवारी
मशीन तिथेच. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी त्यावर आंबवलेल्या कोबीचं पातेलं ठेवलंय. मंत्रालयाकडून नवा प्लॅन आला: गेल्या वर्षी केलं तेवढं तर हवंच, वर आणखी. माझ्यावरचा विश्वास, दुसरं काय. घरी आलो तर रिम्मा टबात कपडे धूत होती. तिला सांगितलं, काळजी नको, बैठक अजून दोन बोटं जाड करतो. तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"धर. पीळ."

सिगरेट उद्यापासून बंद. ओली चादर एवढी जड असते, हे माहीत नव्हतं.